‘ऊस’ शोधला तर ‘उसाला’ सापडत नाही

‘ऊस’ आणि ‘उसाला’ यांत शब्द एकच आहे, हे कळायला मराठी माणसाला व्याकरण शिकावं लागत नाही. संगणकाच्या शोधचौकटीला मात्र ते कळत नाही. ती चिन्हाला चिन्ह लावून पाहते. एका शब्दाची सुरुवात दीर्घ ऊ ने होते, दुसऱ्याची ह्रस्व उ ने. पहिल्याच चिन्हाला जुळणी मोडते आणि चौकट पुढे निघून जाते. साखर कारखान्याच्या पाचशे पानी अहवालात ‘ऊस’ शोधा. ‘उसाला दर’, ‘उसाची तोडणी’, ‘उसावरचा रोग’ या सगळ्या जागा वगळून ती तुम्हाला जिथे ऊस विनाप्रत्यय उभा आहे तेवढ्याच जागा दाखवेल. ‘विहीर’ शोधली तर ‘विहिरीत’ पडलेलं काहीच सापडणार नाही. ‘सातारा’ लिहून ‘साताऱ्यात’ पोचता येणार नाही, कारण तिथला र बदलून ऱ झाला आहे.

मराठीत नाम मोकळं फार कमी फिरतं. ते विभक्ती घेऊन, शब्दयोगी अव्यय घेऊन, सामान्यरूपात वाकून येतं. देऊळ देवळात जातं, माणूस माणसाला भेटतो, कापूस कापसाच्या गाठीत बांधला जातो. म्हणजे प्रश्न एखाद्या अवघड शब्दाचा नाही. भाषा जशी चालते तशी ती चालायला लागली की शोधयंत्राला दिसेनाशी होते.

हे गैरसोयीचं आहे असं म्हणून थांबता येत नाही, कारण ‘सापडलं नाही’ हे उत्तर माणूस ‘नाही’ असंच वाचतो. चुकीचा निकाल समोर आला तर आपण तो पाहतो आणि बाजूला करतो. न आलेला निकाल आपल्याला दिसतच नाही. त्याची तक्रार कोण करणार?

माझ्या आत्याचं नाव सिंधू. तिच्या जन्माच्या नोंदीसाठी तिला घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. जुन्या नोंदवह्यांतली नावं संगणकात चढवून झाली होती. तिथल्या मुलाने अदबीने तिला खुर्ची दिली, नाव लिहिलं, कळ दाबली. “आजी, नोंद नाही हो,” तो म्हणाला. त्याने पुन्हा एकदा शोधून पाहिलं आणि तेच उत्तर आलं. मग त्याने नियमाप्रमाणे अनुपलब्धता प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला सांगितलं. नोंद उपलब्ध नाही, असं सही-शिक्क्यानिशी सांगणारा तो कागद असतो. एका दीर्घ-ह्रस्वाने शोध चुकला होता आणि त्या चुकीचं सरकारी दस्तऐवजात रूपांतर होणार होतं. त्या मुलाचा यात काडीचाही दोष नव्हता. तो यंत्रावर विश्वास ठेवत होता आणि यंत्राने त्याला शंका घ्यायला जागाच ठेवली नव्हती. सिंधू, सिंधु, सिन्धू, सिन्धु. एकाच हाकेच्या या चार लेखी रूपांपैकी त्याने एक लिहिलं होतं.

पूर्वीचा कारकून वहीवरून बोट फिरवायचा. त्याचं बोट ‘सिन्धु’वर आलं की थांबायचं, कारण वाचणारा डोळा मराठी होता. आपण वही संगणकात नेली, पण तो डोळा बाहेरच ठेवला. माझं म्हणणं एवढंच आहे: दोन लेखी रूपं एकच आहेत की वेगळी, हा निर्णय भाषेचा आहे. तो घेतल्याशिवाय कुठलाही शोध चालत नाही. मराठी मजकुरासाठी तो कुणीच जाणीवपूर्वक घेतला नाही की तो आपोआप इंग्रजीच्या किंवा हिंदीच्या सवयीने घेतला जातो.

इंग्रजीसाठी हा निर्णय किती आधी घेतला गेला ते पाहण्यासारखं आहे. इंग्रजीत मोठी आणि छोटी अशा दोन वर्णमाला आहेत, तरीही वाक्यारंभी मोठ्या अक्षराने लिहिलेला शब्द छोट्या अक्षरांत शोधला तरी सापडतो. याचं कुणाला नवल वाटत नाही. ही सवलत संकेतांच्या कोष्टकातच पेरलेली आहे. १९६७ च्या आस्की संकेतात मोठ्या ‘ए’ला ६५ आणि छोट्या ‘ए’ला ९७ हा क्रमांक मिळाला. प्रत्येक जोडीत अंतर बरोबर ३२ चं, म्हणजे द्विमान पद्धतीत फक्त एका बिटाचं. तो एक बिट दुर्लक्षिला की दोन्ही अक्षरं एक होतात. फ्रेंच स्वरांवरच्या खुणा सोडून शोधायची सोयही कितीतरी ठिकाणी तयार मिळते. हे सारे भाषिक निर्णयच आहेत. ते इतके मुरले आहेत की निर्णय वाटत नाहीत, यंत्राचा स्वभाव वाटतात. मराठीसाठी तेच मागितलं की मात्र ती ‘खास मागणी’ ठरते.

आज सगळ्या लिप्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या युनिकोड या संकेतातलं देवनागरीचं कोष्टक भारतीय मानक असलेल्या इस्कीवरून घेतलेलं आहे. इस्कीची रचना अनेक भारतीय लिप्यांना एकाच साच्यात बसवण्यासाठी होती. त्या सोयीचं मोल मराठीने कुठे मोजलं, ते ऱ मध्ये दिसतं. युनिकोडच्या तक्त्यात या अक्षराशेजारी टीप आहे ती द्राविडी भाषांतला उच्चार लिहिण्यासाठीचं अक्षर अशी, आणि त्याच्या अर्ध्या रूपाचा उल्लेख पुढे येतो. मराठीत तर त्याच्याशिवाय एक सरकारी परिपत्रक पुरं होत नाही: शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांच्या, अधिकाऱ्यांनी. ‘-री’ने संपणारं पुल्लिंगी नाम आणि ‘-रा’ने संपणारं नाम सामान्यरूपात गेलं की हा बाकदार अर्धा र येतो. किनाऱ्यावर, वाऱ्याने, वारकऱ्यांची.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द मात्र संगणकात दोन वेगळ्या साखळ्यांनी अगदी बरोबर लिहिता येतो. एकीत ऱ, हलन्त, य. दुसरीत साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचं जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. तिसरी तऱ्हा चुकीची, पण घराघरात चालणारी: मधलं अदृश्य चिन्ह गळून गेलेलं ‘शेतकर्यांना’, जिथे र डोक्यावर रफार होऊन बसतो. युनिकोडने समान मानलेल्या साखळ्या एकरूप करण्याची एक प्रमाण रीत ठरवून दिली आहे. त्या रीतीत सुटा ऱ आणि ‘र अधिक नुक्ता’ एक होतात. पण ऱ ची साखळी आणि जोडचिन्हाची साखळी त्या रीतीने एक होत नाहीत. म्हणजे प्रमाण पद्धत प्रामाणिकपणे वापरणाऱ्या प्रोग्रॅमरच्या हातूनही शेतकरी दोन ढिगांत वाटला जातो.

अदृश्य चिन्हं काढून टाकून मजकूर ‘स्वच्छ’ करण्याची रीतही सर्रास आढळते. इंग्रजी मजकुरात ती निरुपद्रवी आहे. मराठीत ते चिन्ह काढलं की दऱ्यांचा दर्या होतो, सह्याद्रीतून थेट अरबी समुद्रात. आचाऱ्यांना वाढलेलं जेवण आचार्यांच्या पानात जातं. शाळेत आपण या जोड्या पाठ केल्या त्या अर्थभेदक म्हणून. स्वच्छतेच्या नावाखाली नेमका तो भेदच पुसला जातो.

‘ॲ’चं दुखणं याहून सोपं आणि म्हणून अधिक चीड आणणारं आहे. ‘ॲप’, ‘ॲडव्होकेट’ हे शब्द मराठीने आपल्या पद्धतीने घेतले. त्यातला अ वरचा चंद्र युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून आला २००८ साली, पाच पूर्णांक एक या आवृत्तीत. तोवर लोक थांबले नव्हते. कुणी अ ला चंद्राची मात्रा जोडली, कुणी हिंदीच्या सवयीचं ए वर चंद्र असलेलं अक्षर वापरलं. आज तिन्ही रूपं वापरात आहेत. वकिलांची यादी ‘ॲडव्होकेट’ या शब्दावर गाळून घेतली तर एक तृतीयांश मिळेल की निम्मी, हे यादी भरणाऱ्याच्या कळफलकावर अवलंबून. या तीन रूपांत अर्थाचा भेद कणभरही नाही. इथे एकरूप करायला कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचंही तसंच. गट क्रमांक ४५ कोणत्या अंकलिपीत लिहिला आहे, हे जमीन शोधणाऱ्याला माहीत असण्याचं कारण काय?

याच्याही खाली एक थर आहे, जिथे शब्द म्हणजे काय हेच चुकतं. शोधासाठी मजकुराचे शब्द पाडावे लागतात. ‘शब्दात येऊ शकणारं चिन्ह’ ओळखणारी एक छोटी खूण प्रोग्रॅमरच्या हातात असते. जावास्क्रिप्टमध्ये ती फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेघ ओळखते. देवनागरी तिच्या लेखी मोकळी जागा आहे. पायथनच्या नेहमीच्या साधनात ती देवनागरी व्यंजनं ओळखते, पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना शब्दाबाहेर ठेवते. परिणामी ‘मराठी’ या शब्दाचे दोन तुकडे होतात, ‘मर’ आणि ‘ठ’. सायकिट-लर्न हे यंत्रशिक्षणाचं जगभर वापरलं जाणारं साधन मूळ मांडणीत किमान दोन चिन्हांचे शब्द घेतं. त्यामुळे ‘ठ’ही गळतो. आपल्या भाषेच्या नावातून शिल्लक राहतं ते ‘मर’. हे कुणी द्वेषाने केलेलं नाही, आणि म्हणूनच ते मला अधिक लागतं. काना हा अक्षराचा भाग आहे की नाही, हा प्रश्न कुणाच्या मनातच आला नाही.

लांबीच्या नियमाचंही तसंच. मायएसक्यूएल या माहिती साठवण्याच्या प्रणालीच्या इनोडीबी कोठारात पूर्ण मजकुराचा शोध बसवला की मूळ मांडणीत तीन चिन्हांहून लहान शब्द अनुक्रमणिकेत घेतलेच जात नाहीत. इंग्रजीत दोन अक्षरी शब्द बहुतेक अव्ययं आणि सहायक, ती गाळली तर बिघडत नाही. मराठीत दोन चिन्हांत घर मावतं. मन मावतं, वन मावतं, कर मावतो आणि पुन्हा एकदा, ऊस मावतो.

यावर मिळणारं तयार उत्तर म्हणजे हिंदीसाठीची सोय मराठीला लावणं. ‘लिपी एकच आहे ना?’ ल्युसीन या मुक्त शोधप्रणालीत हिंदीसाठी रूपं एकसारखी करण्याचा एक टप्पा आहे. हैदराबादचे प्रसाद पिंगळी आणि वासुदेव वर्मा यांच्या पद्धतीवर तो आधारलेला आहे. हिंदीच्या सैल लेखनाचा विचार करून केलेलं ते चांगलं काम आहे. त्यात अर्ध्या न चा अनुस्वार होतो, दीर्घ ईकार-ऊकार ह्रस्व होतात, ऱ चा र होतो, हलन्त गळतं, अदृश्य जोडचिन्हं काढली जातात. आता हे मराठीवर चालवा. दऱ्या आणि दर्या एकच झाले. ‘देहान्त’ म्हणजे मरण आणि ‘देहांत’ म्हणजे शरीरांमध्ये, तेही एक. सुत आणि सूत, दिन आणि दीन यांचीही गत तीच. एवढे भेद मोडून ऊस तरी सापडावा? त्यानंतरचा प्रत्यय काढण्याचा टप्पा हिंदीचे प्रत्यय शोधतो. ‘ऊस’चा ‘उस’ होतो, ‘उसाला’चा फक्त शेवटचा काना जाऊन ‘उसाल’ उरतो. भेट होतच नाही. जिथे वेगळं ठेवायला हवं तिथे एक केलं आणि जिथे एक करायला हवं तिथे वेगळं ठेवलं, दोन्ही तोटे एकाच वेळी.

लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे गोव्याच्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही. देवनागरी कोंकणी ‘हांव’ लिहिते आणि तो अनुस्वार बोलते. मराठीने ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’ यांवरचे न बोलले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी सोडून दिले. मराठी शोधात ‘नांव’ आणि ‘नाव’ जुळवायलाच हवेत. तोच नियम कोंकणीला लावणं म्हणजे तिच्या बोलण्यातली अनुनासिकं पुसणं. एकाच तक्त्यातली तीच चिन्हं, आणि नियम मात्र भाषा विचारून लावायचा.

भाषाच नाही, सालही विचारावं लागतं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या चौदा नियमांनी आणि १९७२ मध्ये जोडलेल्या चार नियमांनी आजचं लेखन ठरवलं. त्याआधीची दीडशे वर्षांची छापील मराठी आता चित्ररूपात आणि मजकूररूपात उपलब्ध होते आहे. त्यात ‘कवि’ ह्रस्व आहे, ‘केलें’वर अनुस्वार आहे. जुन्या पुस्तकातलं ‘घरांत’ म्हणजे एका घरात, कारण सप्तमीवर तो अनुस्वार देत असत. आजच्या पुस्तकातलं ‘घरांत’ म्हणजे अनेक घरांत. लेखी रूप तेच असूनही साठ वर्षांत त्याचं वचन बदललं. हे शोधयंत्राला कळायचं तर पुस्तकाचं प्रकाशनवर्ष त्याच्या हिशेबात हवं. ग्रंथपालाकडे ते वर्ष असतंच. फक्त ते आणि शोध यांची गाठ घालून दिलेली नाही. आणि हा लेखही ‘केले’ न लिहिता ‘केलं’ लिहितो आहे. म्हणजे एका क्रियापदाची तीन रूपं, तिन्ही आपापल्या जागी शुद्ध.

मोडीपर्यंत गेलं तर प्रश्न आणखी खोल होतो. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. मोडीत इकार-उकाराचा ह्रस्व-दीर्घ भेद सहसा पाळत नसत आणि शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. पुण्याच्या पेशवे दप्तरातली कागदपत्रं उद्या मजकूररूपात आली, तर त्यांत शब्द कुठे सुरू होतो इथपासून प्रश्न विचारावा लागेल. ह्रस्व-दीर्घ तिथे शोधाचा आधार होऊच शकत नाही.

आणि या सगळ्याच्या आधीची अडगळ म्हणजे जुने टंक. कितीएक वर्षं मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार चिकटवून लिहिला गेला. कृतिदेव या टंकात ‘मराठी’ टाइप केलं की धारिकेत प्रत्यक्ष साठतात ती ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं. डोळ्याला मराठी दिसते, शोधाला ती अक्षरांची गिचमिड असते. त्या टंकांत रचलेल्या आणि पीडीएफ करून ठेवलेल्या मजकुरात मराठी शब्द शोधणं म्हणजे नसलेल्या विहिरीत पोहरा सोडणं. त्यांचं रूपांतर करण्याची साधनं आहेत. रूपांतर न करता अशा धारिका ‘ऑनलाइन उपलब्ध’ म्हणून मोजणं थांबवलं पाहिजे.

मी हे बोलू लागलो की एक आक्षेप हमखास येतो, आणि तो भाषेवर प्रेम करणाऱ्यांकडूनच येतो: लोकांनी शुद्ध लिहावं, यंत्राने अशुद्धाला पाठीशी का घालावं? मला हा आक्षेप पटत नाही. शोधचौकट ही शुद्धलेखनाची परीक्षा नाही. शोधणारा चुकला असेल तर त्याला बरोबर रूप दिसण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्याला हवं ते सापडणं. शिवाय ‘सिन्धु’ लिहिणारा कारकून त्याच्या काळी चुकला नव्हता. शुद्धतेचा आग्रह उद्या लिहिल्या जाणाऱ्या मजकुराला लावता येईल. लिहून झालेल्या मजकुराला तो लावला तर त्याचा अर्थ फक्त तो मजकूर हरवणं एवढाच उरतो.

दुसरा आक्षेप नवा आहे. आता अर्थावरून शोधणारी यंत्रणा आली, चिन्हांची ही किरकिर कशाला? अर्थाचा शोध ‘ऊस’ विचारल्यावर साखरेचा उतारा देईल आणि ते उपयोगाचंही आहे. पण आत्याला तिच्या नावासारखी नावं नको होती, तिची नोंद हवी होती. माणसाचं नाव, गावाचं नाव, गट क्रमांक, कायद्याचं कलम ही अर्थाने जवळ असून चालत नाहीत. तीच असावी लागतात. शिवाय त्या नव्या यंत्रणाही मजकूर तुकड्यांतच खातात. दोन साखळ्यांतले दोन शेतकरी त्यांच्याही तोंडात दोन वेगळे घासच असतात.

सैल करायचं तर किती, हा प्रश्न खरा आहे. सगळे भेद मोडले की ‘पुण्यात’ शोधणाऱ्याला पुणे आणि पुण्य दोन्ही मिळतील. अर्थात हे व्याकरणानेही टळत नाही, ते भाषेतच आहे. मला यात क्रम महत्त्वाचा वाटतो. एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या साखळ्या, म्हणजे ऱ, ॲ आणि आकडे, विचारल्याविना एक कराव्यात. ह्रस्व-दीर्घ आणि अनुस्वार शोधताना सोडावेत, पण निकाल मांडताना नाही. जसं लिहिलं तसं सापडलं ते वर, जवळचं ते खाली. सामान्यरूपासाठी मराठीचे नियम हवेत, हिंदीचे उसने नकोत. आणि ‘हुबेहूब हेच’ असं सांगण्याची एक खूण वापरणाऱ्याच्या हाती हवी, म्हणजे आचार्य आणि आचारी वेगळे ठेवू पाहणाऱ्या अभ्यासकाला ते वेगळे ठेवता येतील. यात असाध्य असं काहीच नाही. शब्दकोश उघडणारा प्रत्येक वाचक ‘देवळात’वरून ‘देऊळ’कडे मनातल्या मनात जातोच. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाची पानं आपण अशीच उलटत आलो.

२०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक माणसांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. २०२४ च्या ऑक्टोबरात तिला अभिजात दर्जाही मिळाला. सरकारी खात्यासाठी, पतपेढीसाठी, ग्रंथालयासाठी मराठीतली प्रणाली विकत घेतली जाते तेव्हा करारात ‘मराठी भाषेचा आधार’ अशी ओळ असते, आणि पडद्यावर मराठी दिसली की ती पुरी झाली असं धरलं जातं. त्या ओळीऐवजी मोजके शब्द लिहावेत. ऊस शोधला की उसाला सापडावा. शेतकरी शोधला की दोन्ही साखळ्यांतले शेतकरी सापडावेत. सातारा आणि साताऱ्यात, विहीर आणि विहिरीत, नाव आणि नांव, ॲपची तिन्ही रूपं. घर हा शब्द गळू नये. दऱ्या शोधणाऱ्याला दर्या पहिला दिसू नये. प्रणाली ताब्यात घेण्याआधी कुणीतरी हे शब्द तिथे लिहून पाहावेत. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्याला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही, मराठी लागते.

आत्याची नोंद सापडली. त्या मुलाला मी उरलेली तीन रूपं कागदावर लिहून दिली, त्याने एकेक करून पाहिली. चौथ्या रूपावर तिच्या वडिलांचं नाव, गाव आणि तारीख समोर आली. “सिन्धु,” त्याने मोठ्याने वाचलं. आत्या म्हणाली, “हो, मीच ती.”